आत्याची अमेरिकन सिटिझनशिपची परीक्षा आहे, पाठ होतंय पण डोक्यात बसंना. कसं शिकवायचं?

राजारामपुरी_नववी_गल्ली

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या कट्ट्यावर अमेरिकेचं नागरिकशास्त्र काढलंय म्हणून हसू नका, इथं निम्म्या घरातली पोरं तिकडंच आहेत म्हणून विचारतेय. माझी आत्या (वय ५८) न्यू जर्सीला मुलाकडं असते, ग्रीन कार्ड होऊन सहा वर्षं झाली, दिवाळी झाल्यावर नोव्हेंबर २०२५ ला सिटिझनशिपचा अर्ज भरला आणि आता चुलतभावाच्या लग्नासाठी दीड महिना इकडं आलीय. परत गेल्यावर इंटरव्ह्यूची तारीख कधीही येईल. त्यात तोंडी परीक्षा असते, त्यांचं सरकार कसं चालतं, इतिहास काय, आणि ते सगळं इंग्लिशमध्ये.

आत्या दहावी पास, पाठांतर एकदम कडक, रामरक्षा अजून एका दमात म्हणते. प्रश्न ओळीनं विचारले की धडाधड उत्तरं. मधलाच एखादा विचारला की गाडी घसरली. काल मेथी निवडत बसली होती आणि मी मोबाईल बघून विचारत होते. सिनेटर किती? "चारशे पस्तीस." अगं ते हाऊसचे. "मग सिनेट म्हंजे काय आणि हाऊस म्हंजे काय, दोन दोन कशाला पायजेत?" आता याला मी काय सांगणार, मलाच नीट माहिती नाही. आपलं लोकसभा-राज्यसभा म्हणून वेळ मारून नेली, तर तिनं गव्हर्नरलाबी आपल्या राज्यपालासारखं धरलं आणि "प्रेसिडेंट नेमतो" म्हणून उत्तर ठोकून दिलं. १७७६ आणि १७८७ चा तर रोजचा घोळ.

कुणी ही परीक्षा दिलीय का? किंवा कुणाला हे सोप्या मराठीत, तिला पटेल असं सांगता येईल का? ती म्हणते आमटीत गूळ कशाला घालायचा ते कळलं की किती घालायचा ते आपोआप येतंय, नुसतं प्रमाण सांगू नकोस.

एडिसनचा_कोल्हापूरकर

ताई मी २०१९ ला दिलीय पण तेव्हाची वेगळी होती, १०० प्रश्नांतले १० विचारायचे आणि ६ आले की पास. २० ऑक्टोबर २०२५ पासून पुढं ज्यांनी अर्ज भरलाय त्यांना नवीन परीक्षा आहे, म्हणजे तुमच्या आत्याला नवीनच. १२८ प्रश्नांची यादी, त्यातले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर आले की तिथंच थांबवतात आणि ९ चुकले तरी थांबवतात. त्यामुळं आधी ती मोबाईलवर कुठली यादी वाचतीय ते बघा, जुनी १०० वाली असंल तर बदला.

इंग्लिशची सूट ५५ वर्षं वय आणि १५ वर्षं ग्रीन कार्ड, किंवा ५० वय आणि २० वर्षं कार्ड असेल तर मिळते. आत्याचं कार्ड सहा वर्षांचं, सो इंग्लिश द्यावंच लागणार. पण घाबरायचं काम नाही, वाचायला तीन वाक्यांतलं एक नीट आलं तरी चालतं, लिहायलाही तसंच. नापास झाल्या तरी त्याच अर्जावर ६० ते ९० दिवसांत परत एक चान्स देतात.

दोन गोष्टी लोक विसरतात. एक, आत्ता कोण आहे छाप प्रश्न, म्हणजे सध्याचा प्रेसिडेंट, व्हाइस प्रेसिडेंट, हाऊसचा स्पीकर, आपल्या राज्याचा गव्हर्नर, आपल्या भागाचा प्रतिनिधी, ही नावं जायच्या आदल्या आठवड्यात ताजी करून घ्यायची, आज पाठ करून उपयोग नाही. दुसरी, लग्न झाल्यावर पन्हाळा-जोतिबा-गोवा करत बसू नका, सलग सहा महिने बाहेर राहिलं की ते सलग वास्तव्याचा मुद्दा काढतात. दीड महिना ओके.

समजावून सांगायचं मात्र इथल्या जाणत्यांनी बघा, मी आपलं घोकून पास झालोय.

रंकाळ्याचा_पैलवान

सोप्पंय की ओ. प्रेसिडेंट म्हंजे आपले राष्ट्रपती, काँग्रेस म्हंजे काँग्रेस, विषय कट. आत्याला एक मिसळ आमच्याकडनं.

माजी_सदस्य_करवीर

पैलवान, हसवा पण घोळ वाढवू नका. काँग्रेस तिथं पार्टी नव्हं, दोन्ही सभागृहं मिळून जी त्यांची संसद होती तिला काँग्रेस म्हणत्यात. आणि प्रेसिडेंट आपल्या राष्ट्रपतीगत सही करणारा न्हाई, सगळा कारभार त्योच हाकतोय.

ताई मी काय अमेरिका बघितलेली न्हाई. पर एक टर्म ग्रामपंचायतीत काढलीय आणि पोरगी यूपीएससी करतीया तिची पुस्तकं घरभर पडल्यात, ती चाळून मला जे उमगलं ते सांगतो. आत्याला लोकसभा-राज्यसभेवरनं सुरवात करूच नका. थेट सरपंचावरनं करा.

पूर्वी आपण सदस्य निवडून द्यायचो आणि सदस्य आपल्यातनं सरपंच करायचे. सदस्य फुटले की सरपंच गेला. दिल्ली-मुंबईत आजबी तसंच हाय, आकडा गेला की पंतप्रधान घरी, मुख्यमंत्री घरी. आता थेट सरपंच आठवा, २०१७ ला आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला. सरपंचाला वेगळं मत आणि सदस्याला वेगळं मत. मग सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचं, असं किती गावांत बघितलंय आपण. आमच्यात एका गटारीचा ठराव आठ महिने लोंबकळत होता, सरपंच म्हणायचा सदस्य अडवत्यात आणि सदस्य म्हणायचे सरपंच इचारत न्हाई, आणि पाणी आपलं शाळंच्या दारात. अमेरिकेत ह्योच प्रकार हाय, प्रेसिडेंट एका पार्टीचा आणि काँग्रेस दुसऱ्या पार्टीचं असं निम्म्या वेळा असतंय. फरक एवढाच की त्यांनी ते जाणूनबुजून तसं ठेवलंय.

कशाला ठेवलं? तर त्यांचा देशच राजाविरुद्ध बंड करून झालेला. एका हातात सगळं दिलं की दुसरा राजा तयार होतोय ही धास्ती. म्हणून कायदा करणार काँग्रेस, राबवणार प्रेसिडेंट, आणि कायद्याचा अर्थ लावणार सुप्रीम कोर्ट, आणि तिघांच्याबी दोऱ्या एकमेकांच्या हातात. काँग्रेसनं कायदा केला तर प्रेसिडेंट व्हेटो मारून परत पाठवतोय. पर दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांशनं परत पास केला तर प्रेसिडेंटचं काय चालत न्हाई. सुप्रीम कोर्टाचा जज प्रेसिडेंट सुचवतोय पर सिनेटनं हो म्हणल्याबिगर त्यो बसत न्हाई, आणि एकदा बसला की जन्मभर, आपल्यागत ६५ ला रिटायर न्हाई. नऊ जज असत्यात. प्रेसिडेंटचे मंत्री काँग्रेसचे मेंबर असूच शकत न्हाईत, आपल्यात उलटं, मंत्री झाला की सहा महिन्यांत कुठनं तरी सभागृहात यायला लागतंय.

अविश्वास ठराव हा प्रकारच तिथं न्हाई. चार वर्षं म्हंजे चार वर्षं. फार मोठा गुन्हा केला तर महाभियोग, हाऊस आरोप ठेवणार आणि सिनेट निवाडा करणार, काढायला दोन तृतीयांश. आजवर तिघांवर झाला, १८६८ ला अँड्र्यू जॉन्सन, १९९८ ला क्लिंटन, आणि ट्रम्पवर दोनदा, २०१९ आणि २०२१. सिनेटनं एकालाबी काढलं न्हाई. निक्सन १९७४ ला ती पाळी यायच्या आधीच राजीनामा देऊन गेला.

आता दोन सभागृहं कशाला. गावच्या जत्रंची वर्गणी ठरवायला बसलं की पहिलं भांडण कशाचं असतंय? घरटी का माणशी. मोठ्या खटल्याचं घर म्हणतंय घरटी करा, धाकटं घर म्हणतंय माणशी. मतं मोजताना बरोब्बर उलटं, मोठं घर म्हणणार माणशी मोजा आणि धाकटं म्हणणार घरटी. १७८७ ला फिलाडेल्फियात राज्यघटना लिहायला बसले तवा ह्येच झालं, मोठी राज्यं एकीकडं आणि धाकटी एकीकडं, आणि तोडगा असा निघाला की दोन्ही करूया. सिनेट घरटी, प्रत्येक राज्याला दोन, ५० राज्यं म्हणून १००. हाऊस माणशी, लोकसंख्येच्या हिशोबानं, एकूण ४३५. वायोमिंग म्हणून राज्य हाय, २०२० च्या जनगणनेत पावणेसहा लाख माणूस, म्हंजे आपल्या कोल्हापूर शहराएवढं. कॅलिफोर्निया साडेतीन कोटीच्या वर, जवळपास चार कोटी. दोघांलाबी सिनेटर दोन-दोनच. हाऊसमध्ये मात्र कॅलिफोर्निया ५२ आणि वायोमिंग १. आपल्या राज्यसभेत तसं न्हाई, यूपी ३१, महाराष्ट्र १९, गोवा १. म्हणून म्हणलं राज्यसभेचं नाव काढू नका.

आणि गव्हर्नर. त्यांच्यात राज्यं आधी आणि देश नंतर. तेरा वसाहतींनी मिळून देश काढला, देशानं राज्यं पाडली न्हाईत (ती तेरा सुरवातीची, बाकीची मागनं आली). प्रत्येक राज्याची आपली वेगळी राज्यघटना हाय. मग तिथला गव्हर्नर वरनं कोण नेमणार? राज्यातली माणसंच निवडत्यात. त्यो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जागंला धरा, राज्यपालाच्या न्हाई.

लई लांबलं, ऊसतोड चालू हाय, जातो.

निवृत्त_शिक्षक_शाहूपुरी

सदस्यसाहेब, घरटी-माणशी हे मी वर्गात ३२ वर्षांत सांगितलं नाही याचं वाईट वाटलं. झकास.

इतिहासाचं मी बघतो. १७७६ आणि १७८७ चा घोळ असेल तर बाईंना १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी आठवायला सांगा. आधी स्वातंत्र्य, मग राज्यघटना. ४ जुलै १७७६ हा त्यांचा १५ ऑगस्ट, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, मसुदा जेफरसनचा. १७८७ ला राज्यघटना लिहिली. फक्त आपल्याकडं इंग्रज गेल्यावर १५ ऑगस्ट आला, त्यांनी आधी जाहीर केलं आणि मग १७८३ पर्यंत लढत बसले. आणि राज्यघटनेची सुरवात "वी द पीपल" अशी आहे, त्याचा अर्थ काय ते विचारतात, आपल्या उद्देशिकेत "आम्ही भारताचे लोक" आहे तेच. ते तर नातवंडांच्या पुस्तकात पहिल्या पानावर छापलेलं असतं, दाखवा त्यांना.

आता सनावळ्या तोंडपाठ करण्यापेक्षा आपल्या सनावळ्यांना गाठ मारा. ऑगस्ट १७७३, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून, "काका मला वाचवा". त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टनच्या बंदरात लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, आणि तो चहा कुणाचा? ईस्ट इंडिया कंपनीचा. भांडण चहाचं नव्हतं, पार्लमेंटात आमचा माणूस नाही तर आमच्यावर कर लावणारे तुम्ही कोण, हे भांडण. १७७५ ला तिकडं युद्ध पेटलं, त्याच वर्षी इकडं पहिलं इंग्रज-मराठा युद्ध. म्हणजे इंग्रज एकाच वेळी वॉशिंग्टनशी पण लढत होता आणि नाना फडणवीस-महादजींशी पण. १७७९ ला वडगावला आपण त्यांना गुडघे टेकायला लावले, १७८१ ला यॉर्कटाउनला अमेरिकनांनी. यॉर्कटाउनचा हरलेला सेनापती कॉर्नवॉलिस. शरणागतीच्या दिवशी तब्येत बरी नाही सांगून स्वतः आलाच नाही, हाताखालच्या माणसाला तलवार घेऊन पाठवलं! आणि पाच वर्षांनी हाच गृहस्थ गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात, बंगालची कायमधारा याचीच. आमच्या मुलांना दोन्ही कॉर्नवॉलिस वेगळे वाटायचे.

यादवी युद्धाचंही सांगतो. १८६१ ते १८६५, दक्षिणेतली अकरा राज्यं गुलामगिरीपायी फुटून निघाली, लिंकननं ती परत आणली, १८६५ ला राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी बंद. हे आपल्याला परकं नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ ला गुलामगिरी लिहिलं ते अर्पण कुणाला केलंय बघा, निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. मुक्ती १८६५, पुस्तक १८७३, शाहू महाराजांचा जन्म १८७४. दसरा चौकातून जाता येता पुतळ्याकडं बघून एवढे तीन सन म्हणायचे.

कागदावर गुलामगिरी गेली तरी काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्याच राहिल्या. त्या घटनाबाह्य आहेत असं सुप्रीम कोर्टानं म्हणायला १९५४ उजाडलं, ब्राऊन खटला. शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम १९१९ लाच काढला होता. पुढं १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्क कायदा, त्यामागं मार्टिन ल्यूथर किंग. हे आत्याबाईंना एका बैठकीत सांगा, तुकडे करू नका.

राजारामपुरी_नववी_गल्ली

सर, सदस्यकाका, दोघांना साष्टांग नमस्कार. काल संध्याकाळी सगळं वाचून दाखवलं. घरटी-माणशी ऐकून आत्या एवढी हसली की शेजारच्या काकू बघायला आल्या. आता सिनेट विचारलं की आधी "घरटी दोन" म्हणते आणि मग "हंड्रेड". इंटरव्ह्यूत "घरटी" म्हणाली तर काय होईल देव जाणे.

बायकांच्या मताचं मीच शोधून सांगितलं, सुझन अँथनीनं १८७२ ला हक्क नसताना जाऊन मत टाकलं, अटक झाली, १०० डॉलर दंड झाला आणि तिनं तो शेवटपर्यंत भरलाच नाही. एकोणिसावी दुरुस्ती १९२० ला आली तेव्हा ती जिवंतपण नव्हती. आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली ही मला विचारली तर मी आनंदानं सांगीन.

पण एक अडकलंय. तिचा सवाल, थेट सरपंचासारखंच असंल तर ज्याला मतं जास्त तो निवडून यायला पायजे, मग माझा पोरगा का म्हणतोय की २०१६ ला हिलरीला मतं जास्त होती तरी प्रेसिडेंट ट्रम्प झाला?

एडिसनचा_कोल्हापूरकर

हां, इथं सरपंच संपतो. इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे लोकांच्या मतांवरनं प्रत्येक राज्याचे इलेक्टर ठरतात आणि ते प्रेसिडेंट निवडतात. ताई तिला व्हॉलीबॉलवरनं सांगा. पहिला सेट तुम्ही २५-१० नं मारला, पुढचे दोन २३-२५, २३-२५ हरलात. पॉइंट मोजले तर तुमचे ७१ आणि त्यांचे ६०, तरी मॅच त्यांची. तिथं प्रत्येक राज्य म्हणजे एक सेट, आणि सेट जिंकला की त्या राज्याचे सगळे इलेक्टर तुमचे, मग लाखानं जिंका नाहीतर शंभर मतांनी. फक्त मेन आणि नेब्रास्का यांची वाटणी वेगळी. सेट सारखे नसतात हा फरक, कॅलिफोर्नियाचे ५४ आणि वायोमिंगचे ३, म्हणजे काकांचंच गणित, हाऊसचे जेवढे अधिक सिनेटचे दोन. सगळे मिळून ४३५ अधिक १००, आणि वॉशिंग्टन डीसी राज्य नसून त्याला ३, झाले ५३८. निम्म्याच्या वर एक म्हणजे २७०. २००० ला अल गोरचं पण असंच झालं, मतं जास्त आणि प्रेसिडेंट बुश.

यादीत प्रेसिडेंटची मुदत किती आणि दोनदाच का होता येतं हे पण आहे. चार वर्षं, दोनदाच निवडून येता येतं, बाविसावी दुरुस्ती, १९५१. रूझवेल्ट चारदा निवडून आले होते त्यानंतर हे केलं.

ताराबाई_पार्क_वाली

सगळं छान चाललंय पण मूळ मुद्दा कुणी काढला नाही. आपल्याकडं दोन नागरिकत्वं चालत नाहीत, तिकडची शपथ घेतली की इकडचा पासपोर्ट जमा करावा लागतो. मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना आपलं सरकार देतं ते) काढायचं, त्यावर येणं-जाणं-राहणं होतं पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आली तर येते. माझ्या आईच्या वेळी हे कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि विधानसभेला ती हौसेनं मतदार स्लिप शोधत होती.

राजारामपुरी_नववी_गल्ली

ते माहिती आहे ओ, घरात त्यावरच चार दिवस चर्चा झाली. आत्याचं म्हणणं नातवंडं तिथं आहेत, आणि सहा वर्षं तिथल्या निवडणुका नुसत्या टीव्हीवर बघतेय, सून-मुलगा मत देऊन येतात आणि ही घरात पोळ्या लाटत बसते, आता मलाबी टाकायचंय. यावर कुणाला काय बोलता येईना.

आजचा रिपोर्ट: वीस प्रश्न उलटसुलट विचारले, चौदा बरोबर. गव्हर्नर बरोबर, व्हेटो बरोबर, जज किती काळ "मरेपर्यंत" (हे इंग्लिशमध्ये नीट म्हणायला शिकवतेय, फॉर लाइफ). पहिल्या दुरुस्तीतला एक हक्क सांग म्हटलं तर भाषण, धर्म, वृत्तपत्रं, सभा, सरकारकडं दाद मागणं असे पाचच्या पाच सांगून मोकळी, एक विचारला होता.

एका अमेरिकन इंडियन जमातीचं नाव सांग म्हटलं तर आधी म्हणाली, "मराठा." मी कपाळावर हात मारून घेतला. इंडियन म्हणजे आपण नव्हे, कोलंबसानं जमीन चुकीची ओळखली त्याचं ते नाव चिकटलंय, तिथल्या मूळ लोकांची जमात पायजे. जरा विचार करून लगेच म्हणाली, "मग चेरोकी."

म्हटलं हे कुठनं आलं गं? तर पोराच्या दारात जी जीप उभी असते तिच्या पाठीवर लिहिलंय म्हणे, सहा वर्षं रोज भांडी घासताना खिडकीतनं वाचतेय.